स्टेशनाखालच्या पबचे चार मालक आणि एक मालकीण

दुबईतल्या आमच्या हॉटेलला तीन तारे आहेत. ते कोणी दिले आणि काय बघून दिले, हे इतकी वर्षं तिथे नोकरी करूनही मला कळलेलं नाही. दोन लिफ्टपैकी एक कायम बंद, आणि जी चालू आहे तिच्यात कायम कुणाच्या तरी बिर्याणीचा वास. पण हॉटेल मेट्रो स्टेशनाला इतकं खेटून आहे, की स्टेशनाचा जिना उतरला की डाव्या हाताला पहिलं दार लागतं ते आमच्या पबचं. त्या एका दारावर अख्खं हॉटेल जगतं. खोल्या रिकाम्या राहिल्या तर आमचे जनरल मॅनेजर "इन्शाल्ला, नेक्स्ट मंथ" म्हणून मोकळे होतात. पब रिकामा राहिला की मात्र त्यांचं जेवण कमी होतं.

या देशात दारूचं लायसन मिळतं ते हॉटेलला. त्यामुळे पब चालवायचा तर हॉटेलातली जागा भाड्याने घ्यावी लागते. जो घेतो त्याला आम्ही सगळे मालक म्हणतो, त्याच्या मालकीचं तिथे काहीही नसलं तरी. मी हॉटेलच्या ऑफिसात ॲडमिन सांभाळते. किल्ल्या, परवाने, गळणारे नळ, त्याहून जास्त गळणारे एसी, आणि मालक बदलला की नव्याला जागा फिरवून दाखवणं, ही माझी कामं. माझं टेबल ज्या भिंतीला लागून आहे तिच्या पलीकडे पबचं काउंटर. त्यामुळे या जागेचा सगळा इतिहास मी भिंतीतून ऐकलेला आहे. मी स्वतः पीत नाही. त्यात माझं पुण्य काही नाही. तिथल्या कार्पेटचा सकाळी नऊ वाजताचा वास ज्याने घेतलाय तो कोणीही पिणार नाही.

पहिला मालक इंग्रज. मेट्रो नुकतीच सुरू झाली होती, आणि स्टेशनाला लागून पब म्हटल्यावर या गृहस्थाला त्याच्या गावच्या स्टेशनावरचा शंभर वर्षांचा पब आठवला. मग त्याने तो इथे उभा केला, प्लायवूडमध्ये. भिंतींना विटांचं चित्र असलेला कागद, वर सामानाची फळी, तिच्यावर रिकाम्या चामडी बॅगा, काउंटरवर पितळी घंटा आणि दारासमोर परातीएवढं गोल घड्याळ. बाहेर मरणाचं ऊन, डोक्यावरून ड्रायव्हर नसलेली गाडी सूं करून जाते आहे, आणि आत कोळशाच्या इंजिनांचे फोटो. ते घड्याळ आपल्या आजोबांच्या स्टेशनावरून सोडवून आणलंय, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. ते शारजाच्या एका फर्निचरच्या गोडाउनमधून पिकअपमध्ये आलं होतं आणि डिलिव्हरीची सही मी केली होती. लोक ऐकून माना डोलवायचे. दोन ग्लास पोटात गेले की माणसाला कुठलंही घड्याळ खरं वाटतं.

बारमागे नुसतं उभं राहायचं, एवढंच आपलं काम आहे अशी त्याची समजूत होती. बाकी सगळ्यांना "मेट", मला "माय लव्ह". माझं तीन अक्षरी नाव त्याला शेवटपर्यंत घेता आलं नाही, बिअरची हातभर लांब नावं मात्र तो झोपेतही सांगू शकला असता. दुकान बंद करण्याआधी घंटा वाजवून "लास्ट ऑर्डर्स" म्हणताना त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, असं वेटर सांगायचे. देश सुटल्याचं दुःख फार. पण त्या देशात परत जायचं तर स्वतःचं घर स्वतः झाडावं लागतं, म्हणून जायचा नाही. शेवटी एका उन्हाळ्यात सुट्टीवर गेला तो गेलाच. घड्याळ आणि घंटा राहिली.

दुसरा दिल्लीचा. त्याने आल्या आल्या बॅगा काढल्या आणि आरसे लावले. बिअर पिताना माणसाला स्वतःला सगळ्या बाजूंनी बघायचं असतं, असं त्याचं मत. त्याला स्वतःला बघायचं असायचं, हे खरं. शर्टाची वरची बटणं त्याने या देशात कधी लावलीच नसावीत. इंजिनांच्या फोटोंवर जांभळे दिवे सोडले, ढोल आणला आणि घंटा वाढदिवसाला वाजवायची ठरवली. रोज कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असायचाच. माझ्या टेबलावरचा स्टेपलर ढोलाच्या तालावर सरकत सरकत खाली पडायचा. वरच्या मजल्यावरचे पाहुणे तक्रार घेऊन माझ्याकडे यायचे, मी त्यांना दुसऱ्या बाजूची खोली द्यायचे, आणि दुसऱ्या बाजूला मेट्रो. "हबीबी, एन्जॉयमेंट है" एवढंच त्याचं सगळ्या तक्रारींना उत्तर. शेवटी जनरल मॅनेजरांनी खलास म्हटलं, तेव्हा तो आरसे उतरवून घेऊन गेला आणि त्यांच्याबरोबर भिंतीवरच्या कागदी विटाही गेल्या.

तिसरा मालक म्हणजे दोन भागीदार. दोघे केरळचे, एकमेकांचे मावसभाऊ. मी त्यांना एकच धरते, कारण दोघांत मिळून शहाणपण एकापुरतंच होतं. जेवण उत्तम, स्वच्छता उत्तम आणि एकमेकांशी बोलणं बंद. एक दिवस हा यायचा, एक दिवस तो. ह्याने टीव्ही डाव्या भिंतीवर लावला की तो उजवीकडे नेणार. गिऱ्हाईक आपल्या नेहमीच्या जागी बसायला जायचं आणि तिथे फ्रीज असायचा. एकमेकांना निरोप माझ्यामार्फत. दोघांना नातवंडं झालेली, आणि भांडण कशावरून, तर ते घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवायचं की नाही. पुढे एकाने अबुधाबीत स्वतंत्र हॉटेल काढलं, आणि दुसऱ्याला भांडायला कोणी उरलं नाही म्हणून त्यानेही जागा सोडली.

या तिघांच्या काळात एक गोष्ट मात्र जागची हलली नाही. कोपऱ्यातलं टेबल आणि त्याच्याभोवती आपली मराठी माणसं. ही माणसं कामाला शहराच्या एका टोकाला जबल अलीत आणि राहायला दुसऱ्या टोकापलीकडच्या शारजात, कारण तिथे भाडं कमी. पण शारजात दारू मिळत नाही. म्हणून मेट्रोने इथवर यायचं, इथे उतरून ट्रॅफिक कमी व्हायची वाट बघत बसायचं आणि मग स्टेशनामागे लावलेली गाडी काढायची. शारजाचा ट्रॅफिक कमी झाल्याचं या शहरात अजून कोणी पाहिलेलं नाही, त्यामुळे वाट बघण्याला अंत नसायचा.

त्यांची बसण्याची एक पद्धत होती. दाराकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड. दुसऱ्या टेबलावर दुसरी मराठी माणसं येऊन बसली तरी कोणी कोणाला बघायचं नाही. खुर्चीला खुर्ची लागलेली असायची, आणि हेच लोक दोन दिवसांनी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात भेटले की "अरे, आहेस कुठे, किती दिवसांनी" म्हणून गळ्यात पडायचे. पहिला घोट घ्यायच्या आधी "थर्टी फाइव्ह दिरहम, म्हणजे आठशे रुपये रे" असं एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी हळहळायचं आणि दुसरी मागवायची. आमच्या मंडळाचे अध्यक्ष आणि सेक्रेटरी दोघेही याच टेबलावरचे. अध्यक्ष एका बँकेत मोठ्या जागेवर, सेक्रेटरी त्यांच्या मागेमागे.

त्याच टेबलावर चौथा मालक तयार झाला. हा जबल अलीतल्या एका कंपनीत परचेस मॅनेजर होता, वीसेक वर्षं. कंपनीने त्याचं डिपार्टमेंटच गुंडाळलं. आता ठाण्याला परत जायचं की इथेच काही करायचं, अशा विचारात तो बसलेला असताना अध्यक्ष त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, की इथे सगळ्यांचे पब आहेत, आपल्या माणसाचा एकही नाही. सेक्रेटरी म्हणाले की तू घे, आम्ही आहोत. बाकीच्यांनी ग्लास उचलले. मराठी माणसाला धंद्यात ढकलायला एवढं पुरतं. ढकलणारे स्वतः नोकरीत राहतात.

तो जागा बघायला आला तेव्हा मी त्याला स्पष्टच सांगितलं. त्याच्या बायकोशी माझी चांगली ओळख होती, म्हणून.

"इथे आपली माणसं तोंड लपवायला येतात," मी म्हटलं. "तुम्ही त्यांच्या ओळखीवर धंदा करणार?"

"ताई, आपलीच माणसं आहेत," तो म्हणाला. "आपल्याला सोडून कुठे जाणार?"

त्याच्या चेहऱ्यावर असा काही विश्वास होता की मला त्याचा रागच आला. भोळेपणा मला लहान मुलांत आवडतो, पन्नाशीच्या परचेस मॅनेजरमध्ये नाही.

त्याने इंजिनांचे फोटो काढून वारली चित्रं लावली. मेनूवर कांदाभजी, सुकं मटण, कोळंबीचं कालवण आणि कोथिंबीर वडी आली. मसाले आणि चटण्या घरून यायच्या, वहिनी करायच्या. वहिनी म्हणजे त्याची बायको. मंडळात सगळे त्यांना वहिनीच म्हणतात, मीही. त्या पबच्या पुढच्या दाराने कधी आल्या नाहीत. हॉटेलच्या मागच्या गल्लीत, जिथे भाजीच्या गाड्या लागतात, तिथे किचनचं दार आहे. त्या दारात डबे द्यायच्या, माझ्या ऑफिसात पाच मिनिटं टेकायच्या आणि परत शारजाची बस. आपल्या नवऱ्याचा पब आतून दिसतो कसा, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि विचारायचीही त्यांना लाज वाटायची. घरच्यांना ठाण्याला फोनवर "रेस्टॉरंट" असंच सांगितलेलं होतं.

या देशात त्यांच्या नावावर काही नव्हतं. व्हिसा नवऱ्याच्या जिवावर, फ्लॅट नवऱ्याच्या नावाने, आणि मुलगी फोनवर "ममा, आय ॲम बिझी" म्हणणारी. त्यांचं म्हणावं असं एकच होतं, मंडळाच्या गणपतीचे उकडीचे मोदक. मंडळ भाड्याच्या हॉलमध्ये गणपती बसवतं. पहिल्या वर्षापासून नैवेद्याचे मोदक वहिनींचे. पातळ पारी, सुबक कळ्या, आणि हॉलमध्ये परात आली की बायका वाट करून द्यायच्या. त्या परातीमागून चालत येताना मी त्यांना बघितलंय. एरवी बसमध्ये बायकांच्या पुढच्या जागेवर अंग चोरून बसणारी ही बाई त्या एका सकाळी मान वर करून चालायची. तेवढ्यासाठी त्या वर्षभर शारजाच्या त्या दोन खोल्यांत राहत होत्या, असं मला नेहमी वाटायचं.

पहिले काही महिने पब बरा चालला. रमझानात जरा थंड होता, पण ते धरलेलंच असतं. मग उन्हाळा आला. शाळांना सुट्ट्या लागल्या, बायका-मुलं देशात गेली, नवरे मोकळे झाले आणि गटारी आली. त्या संध्याकाळी मी मुद्दाम उशिरापर्यंत थांबले, कारण भिंत हलत होती. दार उघडून पाहिलं तर एकही माणूस भिंतीकडे तोंड करून बसलेला नव्हता. सगळे एकमेकांना ओळखत होते. अध्यक्ष खुर्चीवर उभे राहून गात होते, सेक्रेटरी घंटा वाजवत होते आणि मालकाला दोघांनी खांद्यावर घेतलं होतं. तो वरून मला हात करत होता. बघा ताई, असं त्याला म्हणायचं असावं.

दुसऱ्या दिवशी श्रावण लागला आणि दार वाजायचं थांबलं.

मी अतिशयोक्ती करत नाही. त्याने हॉल, किचन, वेटर, मासळी, सगळं आपल्या माणसांच्या हिशेबाने लावलेलं, आणि आपली माणसं महिनाभर लिंबू सरबतावर गेली. श्रावणानंतर गणपती, म्हणजे अनंत चतुर्दशीपर्यंत नाहीच. परचेस मॅनेजर माणूस, कुठला माल किती लागेल हे ठरवण्यात अर्धं आयुष्य घालवलेला, त्याला श्रावण कसा आठवला नाही? आठवला नाही, कारण तो स्वतः पाळायचा. स्वतःच्या रिकाम्या पबमध्ये हा उपास धरून बसलेला, आणि इंग्रज, फिलिपिनो, मल्याळी गिऱ्हाइकं दारातून डोकावून वारली चित्रं बघून परत जाताहेत. त्यांच्यासाठी त्याने काही ठेवलंच नव्हतं. इतरांच्या पद्धतीने बुडायला निदान बुद्धी लागते. हे बुडणं खास आपलं होतं.

तरी गणपती येताहेत म्हणून वहिनींना हुरूप होता. आंबेमोहोराची पिठी ठाण्याहून मागवून झाली होती. त्या माझ्या ऑफिसात बसलेल्या असताना अध्यक्षांच्या बायकोचा फोन आला. वहिनींनी कौतुकाने स्पीकर लावला, मलाही ऐकू यावं म्हणून.

"यंदा मोदकांचं राहू दे हं," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "तसं काही नाही, पण लोक बोलतात. तुमच्या मिस्टरांचा आता बार आहे ना. नैवेद्याचं आहे, म्हणून म्हटलं."

वहिनी "हो हो, बरोबर आहे" म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी पर्सची चेन लावली, उघडली, परत लावली. मला त्या बाईचा जितका राग आला तितका आजवर कुणाचा आला नाही, त्या ढोलवाल्याचासुद्धा नाही. महिन्यापूर्वी तिचा नवरा याच पबमध्ये खुर्चीवर नाचत होता. त्याच्या तोंडून निघालेली आरती देवाला चालते आणि वहिनींच्या हातचा मोदक चालत नाही, हा हिशेब कुठल्या शास्त्रात बसतो ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

त्या वर्षी मंडळाने मिठाईच्या दुकानातून साच्यातले मोदक आणले. मी एक खाल्ला, दात सांभाळून.

गणपतीनंतर मालकाने जबल अलीत एका वेअरहाउसमध्ये नोकरी धरली. पूर्वीच्या मानाने हलकी, पण सुटल्यासारखा दिसत होता. पबचा करार संपायला अजून आठ-नऊ महिने होते. जनरल मॅनेजरांनी मला विचारलं, "यल्ला, हू इज नेक्स्ट?" मी म्हटलं, बघते. त्याच आठवड्यात एका सकाळी पबचं पुढचं दार कोणीतरी वाजवलं. उघडलं तर वहिनी. मेट्रोच्या जिन्याकडे पाठ करून उभ्या, अंगावर ओढणी घट्ट.

"ताई, किल्ली माझ्याकडे द्याल का?" त्या म्हणाल्या. "करार यांच्या सहीचाच राहू दे सध्या. मी बघते."

"वहिनी, हा बार आहे," मी म्हटलं.

"ते आता सगळ्या दुबईला माहीत झालंय. मलाच तेवढा बघायचा राहिलाय."

त्या आत आल्या आणि हळूहळू फिरल्या. काउंटरवरून हात फिरवला, बोटाला चिकट लागलं ते पुसलं. घंटेकडे बघून ही कशाला, असं विचारलं. मी सांगितलं की इंग्रज साहेब शेवटच्या ऑर्डरला वाजवायचे आणि दिल्लीवाला वाढदिवसाला. त्यांनी एकदा वाजवून बघितली, आणि म्हणाल्या की आपण जेवण तयार झालं की वाजवू.

पाचही मालकांत ही एकटी अशी, की तिने आल्यावर भिंतींना हात लावला नाही. कार्पेट मात्र उचकटून फेकून दिलं. मग वहिनी काउंटरमागे उभं राहून स्टेशनाच्या जिन्यावरून कोण उतरतं ते पाहत राहिल्या. संध्याकाळी ड्यूटी संपवून येणाऱ्या फिलिपिनो नर्स, टायची गाठ सैल करत येणारे मल्याळी क्लार्क, मधूनच एखादा म्हातारा इंग्रज. मटणाबरोबर भात ठेवला, माशाबरोबर लिंबू, आणि बिअरबरोबर कांदाभजी, तिखट कमी करून. घंटा वाजली की लोक ग्लास घेऊन काउंटरपाशी यायला लागले. वहिनींचं इंग्रजी मोडकं, हिंदी ठाण्याचं, पण वाढताना त्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायच्या, आणि ते कुठल्याही भाषेत कळतं.

आपली माणसं अनंत चतुर्दशीनंतर परतली होती, नेहमीच्या टेबलावर, दाराकडे पाठ करून. पहिल्याच आठवड्यात वहिनी स्वतः ट्रे घेऊन गेल्या आणि गणपतीच्या हॉलमध्ये विचारावं तशा मोकळ्या आवाजात म्हणाल्या, "भावोजी, आज एकटेच? आमच्या जाऊबाई कशा आहेत? गुडघा दुखत होता ना?" सेक्रेटरींनी मेनूकार्ड तोंडासमोर धरलं. त्यांना मेनू पाठ होता. वहिनींच्या मनात काही खोच नव्हती, हे मी शपथेवर सांगेन; घरी आलेल्या माणसाची चौकशी करायची एवढंच त्यांना ठाऊक. पण पेग हातात असताना वहिनीने बायकोच्या गुडघ्याची चौकशी केली की तो पेग खाली कसा उतरणार? दोन-तीन आठवड्यांत ते टेबल रिकामं झालं. ही मंडळी पुढच्या स्टेशनावरच्या कुठल्याशा बारमध्ये भिंतीकडे तोंड करून बसतात, असं नंतर कानावर आलं. आणि आमचा पब तेव्हापासून जो भरायला लागला तो आजतागायत. आपली माणसं गेली आणि धंदा सुरू झाला. वहिनींच्या नवऱ्याला हे पचायला जड गेलं, मला नाही.

मुदत संपल्यावर नवा करार वहिनींच्या नावावर झाला, व्हिसाही स्वतःचा. मला वाटलं की झालं, बाईला आता कोणाची गरज नाही. इथे मी चुकले.

दुसऱ्या वर्षी गणपतीच्या आठवडाभर आधी सेक्रेटरींचा फोन आला. साच्यातल्या मोदकांवरून वर्षभर लोकांनी टोमणे मारले होते, एका उत्साही बाईंनी घरी करून पाहिले ते फुटले होते, आणि अध्यक्षांची आई पुण्याहून आली होती, तिला उकडीचेच हवे होते. तर वहिनी, झालं गेलं विसरून, यंदा कराच. मी शेजारीच उभी होते. मला वाटलं आता ही बाई चांगली सुनावणार. त्यांचा चेहरा मात्र उजळला होता.

"करते ना," त्या म्हणाल्या. "पण मी इथेच करणार, आमच्या किचनमध्ये. आणि न्यायला तुम्ही यायचं, भावोजी, पुढच्या दाराने. अध्यक्षांनाही घेऊन या."

सेक्रेटरी हो म्हणाले. ते कशालाही हो म्हणतात.

आदल्या दिवशी वहिनींनी पबमध्ये मटण-मासळी शिजवू दिली नाही. गिऱ्हाइकं कुरकुरली, त्यांना बटाटेवडे दिले. किचन उकळत्या पाण्याने धुतलं, नवी पातेली आणली, केळीची पानं आणली. चतुर्थीच्या सकाळी मी पोचले तेव्हा वाफेच्या वासाने कार्पेटचा शेवटचा वासही गेला होता. नवरा वेअरहाउसला गेला होता, त्याला रजा मिळाली नव्हती. वहिनींनी हिरवी पैठणी नेसली होती, नाकात नथ, केसांत गजरा. मोदकांच्या दोन पराती काउंटरवर पानांनी झाकून ठेवल्या होत्या, आणि त्या स्वतः दारासमोरच्या टेबलाशी बसल्या होत्या, दाराकडे तोंड करून. एवढ्या वर्षांत त्या पबमध्ये एकही मराठी माणूस असा बसलेला मी पाहिला नव्हता. हॉलमध्ये आरती साडेबाराला होती.

बारा वाजत आले तेव्हा मागच्या गल्लीतलं दार वाजलं. आम्ही दोघी किचनमध्ये गेलो. सेक्रेटरी होते. सोवळं नेसलेले, उपरणं, कपाळाला गंध, आणि भाजीच्या खोक्यांमध्ये पाय सांभाळत उभे. गाडी गल्लीच्या तोंडाशी चालू ठेवली होती.

"वहिनी, इथूनच द्या ना," ते म्हणाले. "पुढून आज कसा येऊ? सोवळ्यात आहे मी."

"मोदकही सोवळ्यात केलेत, भावोजी. ते पुढूनच जाणार."

"समजून घ्या हो. मेट्रोचा जिना आहे, कोणी बघितलं तर..."

"रस्ता तुम्हाला ठाऊक आहे," वहिनी म्हणाल्या, अगदी हळू. "मी पुढे बसते."

त्यांनी दार लावून घेतलं. बाहेर गाडी गेल्याचा आवाज मी ऐकला. गाडी गल्लीतून मुख्य रस्त्याला लागली आणि हॉलच्या दिशेने गेली, तेही मी ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं. मी येऊन सांगितलं, की गेले ते. त्यांच्या नावाने मी अजून बरंच काही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वहिनी परत त्याच खुर्चीवर बसल्या होत्या. पदर नीट केला.

"पुढे वळून येत असतील," त्या म्हणाल्या. "इथे पार्किंग मिळत नाही ना, ताई."

डोक्यावरून एक गाडी गेली, मग आणखी एक. वहिनींचं लक्ष समोरच्या घड्याळाकडे नव्हतं, दाराकडे होतं. साडेबारा वाजले. त्यानंतरही त्या बसून होत्या, आणि मला अशी खात्री होती की आता दार उघडलं आणि खुद्द अध्यक्षीणबाई आल्या असत्या, तर या बाईने मागचं पुढचं सगळं विसरून परात उचलून दिली असती. मला त्या सगळ्या मंडळाची किळस आली. एवढ्या थोडक्यात मिळणारी गोष्ट होती ती, त्यांना दहा पावलं चालून यायचं होतं.

दार उघडलं तेव्हा त्या अर्ध्या उठल्यासुद्धा. दोन फिलिपिनो नर्स होत्या, दुपारच्या ड्यूटीआधी जेवायला आलेल्या, नेहमीच्या. वहिनींना पैठणीत बघून त्या दारातच थांबल्या आणि आज काही खास आहे का, असं विचारलं.

"येस," वहिनी म्हणाल्या. "कम, कम. सिट."

त्या काउंटरमागे गेल्या आणि परातीवरची पानं बाजूला केली. नथ काढून गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवली, ड्रॉवर लावला आणि घंटा वाजवली.